कोंबड्यांची दुपार

उन्हाळा तापायला लागला तसा मालकाने कोंबड्यांचा दिवस आखडता घेतला आणि माणसांचा वाढवला.

गावाबाहेरच्या मुरमाड माळावर त्याच्या पत्र्याच्या लांबलचक शेड होत्या. आत पिंजऱ्यांच्या रांगा आणि पिंजऱ्यांत अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्या. ऊन वाढलं की कोंबडी चोच वासते, पंख अंगापासून दूर धरते आणि बघता बघता मान टाकते. म्हणून मालकाने छपरांवर पाण्याचे पाइप फिरवले, बाजूंना ओली पोती सोडली, आत मोठाले पंखे लावले. आणि नियम केला. ऊन डोक्यावर आलं की ते कलेपर्यंत शेडमध्ये कोणी पाऊल टाकायचं नाही. हातगाडी खडखडवायची नाही. हाक मारायची नाही. कोंबडी बिचकली की अंडं धरून ठेवते, नाहीतर बिनकवचाचं मऊ अंडं टाकते. फाटकावर पाटी लागली, दवाखान्यात असते तशी: शांतता राखा.

मालक कळवळ्याचा माणूस होता, यात वादच नाही. फक्त तो कळवळा पिंजऱ्यांच्या बाहेर येत नव्हता.

दुपार गेली, ती भरून कुठून काढायची? तर माणसांच्या पहाटेतून आणि तिन्हीसांजेतून. अंडी आता तांबडं फुटायच्या आत गोळा व्हायची. पूर्वी टेम्पो दिवसाउजेडी निघायचा. आता गारव्याला, म्हणजे अंधार पडल्यावर निघू लागला, आणि तो भरेपर्यंत कोणी घरी जायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे मालकाने ठरवलं. भर दुपारी शेड निजायच्या तेव्हा गडीमाणसांना विष्ठेचा खड्डा उपसायला, नाहीतर खाद्याच्या पत्र्याखाली पोती शिवायला पाठवायचे. तिथे कोंबड्या नव्हत्या, त्यामुळे पंखाही नव्हता. आठवड्याची सुट्टी उन्हाळा सरेपर्यंत बंद झाली.

थोरली अंधारीत कामाला होती.

अंधारी म्हणजे फाटकाजवळच्या गोदामातली बिनखिडकीची खोली. आत बायका ओळीने बसत. प्रत्येकीपुढे पत्र्याचा डबा, डब्यात दिवा, डब्याला अंड्याहून लहान भोक. अंडं भोकावर धरायचं आणि बोटांनी फिरवायचं. कवचात लालसर उजेड भरतो. तडा असेल तर केसासारखी रेघ दिसते, आत रक्ताचा ठिपका असेल तर डाग दिसतो. चांगलं अंडं या ट्रेमध्ये, खराब त्या ट्रेमध्ये, की लगेच पुढचं. बाहेरचा उजेड आत आला तर ठिपका दिसत नाही, म्हणून दार बंद, आणि कडी बाहेरून. एकीला बाहेर जायचं तर दार उघडणार आणि सगळ्यांचे हात थांबणार, म्हणून सुपरवायझर दार उघडेल तेव्हाच सगळ्यांनी मिळून जायचं. बायका पाणीच कमी प्यायच्या. भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, ओठ ओले करण्यापुरतं. लघवीला आग व्हायची. ते सांगणार कोणाला? सुपरवायझरला?

त्या सुपरवायझरला माघारी सगळे कोंबडा म्हणत, कारण पहाटे फाटकात उभा राहून तोच आरवायचा. हाकांना बंदी आली तेव्हापासून तो माणसांना चुटकी वाजवून बोलवू लागला. कुत्र्याला तरी माणूस यू यू करतो.

थोरलीच्या घरात आता धाकटी उरली नव्हती. धाकटा दीर बायकोला घेऊन शहरात गेला होता. तरी हिचं नाव थोरलीच राहिलं. नवरा त्याच ठिकाणी हातगाडीवर ट्रे ओढायचा आणि टेम्पो भरायचा. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. आणि चिमणी, सहा वर्षांची, शाळेला सुट्टी लागल्यापासून दिवसभर आजीजवळ. आई-बाप निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची आणि परत यायचे तेव्हा पेंगत असायची.

त्या दिवशी दोघं घरी आले तेव्हा ती जागी होती, पण उठली नाही.

"आज पण जेवली नाही," सासू म्हणाली. "दोन घास घेतले नि ताट सरकवलं. सकाळपासून नुसती लोळतीये."

"ताप आहे का?"

"अंग गरम लागतं. पण आजकाल भिंतसुद्धा गरम लागते, काय कळणार? लघवी पिवळी होते म्हणत होती."

"ऊन बाधलं असेल," नवरा म्हणाला. "पाणी पाजत जा, आई."

"पाजते रे बाबा. पाजायला कुठे डोळे लागतात?"

थोरलीने चिमणीच्या कपाळाला हात लावला. हाताला अंड्यांचा उग्र वास होता. पोरीने तोंड फिरवलं.

"पोटात दुखतं का गं?"

"नाही." मग थोड्या वेळाने चिमणीने विचारलं, "आई, तू येतेस तेव्हाच रात्र का होते?"

बाप हसला. हसून झाल्यावर ताटात बघत बसला.

थोरलीने पोरीची हनुवटी वर करून तोंड निरखलं. वर बल्ब होता, शेडमधलाच. नवीन दिवे लागले तेव्हा जुने पिवळे बल्ब मालकाने कामगारांना वाटले होते आणि वाटताना फोटोही काढून घेतला होता. त्या बल्बखाली भिंत पिवळी होती, गोधडी पिवळी होती, नवऱ्याचा सदरा पिवळा होता, तिचे स्वतःचे तळवे पिवळे होते. पोरीचे डोळेही पिवळे होते. त्यात वेगळं काय दिसणार? तिने मिठाचं पाणी पाजलं आणि पोरीला कुशीत घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने कोंबड्याला गाठलं. "साहेब, पोरगी आजारी आहे. आज दुपारी सोडा. दवाखान्यात नेऊन आणते."

"इथे कोंबड्या मरायला टेकल्यात नि तुला दवाखाना सुचतोय?"

"अर्धाच दिवस."

"अंधारीतनं एक बाई उठली की टेम्पो अडतो. उद्या बघू." आणि त्याने पुढच्या बाईला चुटकी वाजवली.

उद्या बघू हे शब्द ज्याने शोधून काढले त्याला कधी कोणापुढे हात पसरायला लागला नसावा.

दुपारी चिमणीला उलटी झाली. एकदा झाली, पुन्हा झाली, मग नुसतं हिरवं पाणी पडायला लागलं. सासूने शेजारी हाक मारून पाहिली. शेजारचं घरही कामावर होतं. मग म्हातारीने पदर डोक्यावर घेतला, पोरीचा हात धरला आणि निघाली. रस्ता पोरीला दिसत होता आणि बळ म्हातारीकडे होतं, तेही बेताचंच. मध्येमध्ये बसत, ओकत, दोघी माळ चढून फाटकाशी पोचल्या तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं.

फाटकावरचा गेटवाला उठून उभा राहिला.

"सुनेला बोलव रे बाबा. पोरगी ओकतीये."

"आजी, हळू बोला. दुपार चालू आहे."

"दुपार चालू आहे ते माझ्या टाळूला कळतंय. बोलव तिला."

"आत्ता अंधारीचं दार उघडत नाहीत. साहेब जेवून आडवे झालेत. जरा ऊन कलू दे, मी स्वतः जातो."

"मग मीच हाक मारते. गोदाम इथंच आहे ना? इथून ऐकू जाईल तिला."

"आजी, पाया पडतो तुमच्या." गेटवाला खरोखर वाकला. "इथनं हाक गेली नि कोंबड्या उठल्या तर माझी नोकरी गेली. पाटी बघा ना."

"मला पाटी दिसत नाही," म्हातारी म्हणाली आणि खाली बसली.

भिंतीची सावली वीतभर होती. गेटवाल्याने आपली पाण्याची बाटली दिली, आपला पंचा ओला करून पोरीच्या डोक्यावर टाकला. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. चिमणी रडायला लागली तशी म्हातारीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "रडू नको गं बाळा. काकाची नोकरी जाईल." गोदामाची भिंत समोर दिसत होती. तिच्या पलीकडे पोरीची आई अंडी फिरवत होती, आणि इकडे पोरीला ओकारीसुद्धा आवाज न करता द्यायची होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. शेडमधले पंखे तेवढे संथ घुमत होते, आणि ओल्या पोत्यांतून गळून आलेली गार झुळूक मधूनच या दोघींपर्यंत पोचत होती. कोंबड्यांची उष्टी झुळूक.

ऊन कललं. खड्ड्यावरून हातगाडी घेऊन नवरा आला तेव्हा त्याला आधी आई दिसली आणि मग आईच्या मांडीवरचं लेकरू. त्याने गाडी तिथेच सोडली, पळत जाऊन अंधारीची कडी काढली आणि दार सताड उघडलं. आतल्या बायका ओरडल्या, "उजेड! उजेड!"

थोरली बाहेर आली ती डोळे मिटूनच. उजेड सहन होईना. हाताने चाचपत ती फाटकाशी गेली, खाली बसली, पोरीची हनुवटी धरली आणि हळूहळू डोळे उघडले. चिमणीनेही उघडले. डोळ्यांतलं पांढरं कुठेच उरलं नव्हतं. बलकासारखा पिवळा रंग कडेपर्यंत भरला होता.

"कावीळ," मागून आक्का म्हणाली. आक्का अंधारीतली सगळ्यांत जुनी बाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"आई, कधी आलात?"

"मघाशीच गं," सासू म्हणाली. "हाक मारायची नाही म्हणाला. मी इथेच होते." आणि मग अपराध्यासारखी, "मला दिसलं नाही गं पोरी. मला तर दूधसुद्धा पिवळं दिसतं."

कोंबडा झोपमोड झालेल्या तोंडाने आला. चुटकी वाजवत म्हणाला, "दार कोणी उघडलं? कोणाला विचारून?"

थोरलीने पोरीला खांद्यावर टाकलं आणि ती चालायला लागली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिमणीला खिडकीशी नेऊन पापणी खाली ओढली. बघितलं आणि वळल्या.

"हे आजचं नाही. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

थोरलीने पोरीचा फ्रॉक सारखा केला.

"आई ना तुम्ही? काय करता?"

"अंडी तपासते."

"म्हणजे?"

"दिव्यावर धरून. आत काही डागबिग असला तर बाजूला काढते."

डॉक्टरीणबाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या दुष्ट नव्हत्या. बाहेर रांग होती, त्यांचाही दिवस कुठे संपणारा होता? पण न विचारलेला प्रश्न थोरलीला पुरेसा ऐकू आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुनियेच्या अंड्यांच्या पोटातलं दिसतं हिला, आणि पोटच्या पोरीचे डोळे दिसले नाहीत. खाटेशेजारी जमिनीवर बसून ती स्वतःच्या हातांकडे बघायची आणि तिला त्या हातांची लाज वाटायची. लाज तिला का वाटावी? ज्याला वाटायला हवी होती तो त्या वेळी छपरांवर पाणी सोडत होता.

पोरगी वाचली. सलाईन उतरली, ओकाऱ्या थांबल्या, मग पेज पोटात टिकायला लागली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "अजून सांभाळायचं. पिवळेपणा उतरतोय की वाढतोय, रोज डोळे बघायचे. वाढला तर तसंच उचलून आणा. उशीर झाला तर पोर हातची जाईल. आणि बल्बखाली बघू नका, त्यात कावीळ कळत नाही. दिवसाच्या उजेडात, दारात उभी करून बघायचं."

"घरी सासूबाई असतात."

"मग त्यांना सांगा."

"त्यांना दिसत नाही."

"मग तुम्हालाच बघावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषध काय, दुकानात मिळतं. दिवसाचा उजेड कुठून आणायचा?

पहाटे निघताना अंधार, परतताना अंधार. थोरलीने कामावर गेल्या गेल्या कोंबड्याला सांगितलं, "मला दिवस मावळायच्या आत सोडा. रोज. पोरीचे डोळे बघायचेत."

कोंबडा मोठ्याने हसला आणि लगेच शेडकडे बघून आवाज खाली आणला. "डोळे बघायला सुट्टी? अगं, म्हातारीला सांग फोटो काढून पाठवायला."

"तिला मोबाइल दिसत नाही. आणि आमचे मोबाइल तुम्ही फाटकावर काढून घेता."

"मग नवऱ्याला पाठव. तसाही तो काय कामाचा आहे?"

नवऱ्याला त्याने हातगाडीवरून काढून कायमचं विष्ठेच्या खड्ड्यावर टाकलं होतं. विचारल्याशिवाय कडी काढल्याची ती शिक्षा. टेम्पोच्या वेळी मात्र त्याला वर बोलावत, कारण ट्रे उचलायला त्याच्याइतकं कोणी नव्हतं. अंगाचा वास जाईना म्हणून तो घरात पोरीपासून लांब बसायचा. साबण लावून लावून त्याच्या कातड्याला चिरा पडल्या होत्या.

"मी मालकाशी बोलते," थोरली त्याला म्हणाली.

"दोघांनाही काढलं तर?"

"तर दोघंही पोरीचे डोळे बघू."

मालकाच्या खोलीत गारवा होता. तो उठून उभा राहिला नाही, पण खुर्चीकडे हात केला. थोरली उभीच राहिली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते बघितलंस? शेडच्या दिव्यांचं घड्याळ आहे. ठरल्या वेळी दिवे लागतात, ठरल्या वेळी विझतात. जरा मागेपुढे झालं तरी कोंबडीला कळतं, अंडं कमी होतं. सगळी शिस्त आहे इथे. एकीसाठी मोडली की झालं."

"मालक, तसं घड्याळ आम्हाला पण लावा ना."

तो हसला. "तुम्ही काय कोंबड्या आहात?"

"नाही ना. कोंबडी असते तर मला इथे यायलाच लागलं नसतं. तुम्हीच आला असतात."

मालकाचं हसू उतरलं. "हे बघ, मी कोणाला बांधून ठेवलेलं नाही."

"कडी बाहेरून आहे, मालक."

मालकाने खुर्ची मागे सरकवली. मग टेबलाखालून तडा गेलेल्या अंड्यांचा ट्रे काढून त्याने पुढे सरकवला. "घेऊन जा. पोरीला खायला घाल, ताकद येईल."

"तिला कावीळ झालीये. सध्या अंडं द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग म्हातारीला दे."

थोरलीने ट्रेकडे बघितलं. त्यातल्या कितीतरी अंड्यांच्या रेघा तिनेच धरल्या होत्या. "नको," ती म्हणाली आणि बाहेर आली.

अंधारीत बायकांना सगळं सांगितलं तेव्हा हात कोणाचेच थांबले नाहीत, पण अंडी सावकाश फिरायला लागली. एकजण म्हणाली, माझा बारका मला मावशी म्हणतो, कारण आई म्हणून त्याला आजीच माहीत आहे. दुसरी म्हणाली, मी परसात लावलेल्या झाडाला कुठल्या रंगाचं फूल आलं ते मला ठाऊक नाही. तिसरी काही म्हणाली नाही, तिने फक्त डोळे पुसले. दिव्याकडे बघून बघून सगळ्यांचेच डोळे लाल असायचे, त्यामुळे कोण रडतंय ते अंधारीत कळत नसे.

आक्का उठली. दाराच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. उजेड येतो म्हणून त्यात कधीकाळी चिंधी कोंबली होती, बहुतेक तिनेच. ती तिने उपसून काढली. उन्हाची एक काडी आत आली आणि जमिनीवर पडली.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय का?" आक्का म्हणाली. "हे ऊन समोरच्या भिंतीवर चढलं की हात खाली ठेवायचे. तोपर्यंत कामात कसूर नाही. त्यानंतर एक अंडं नाही."

ऊन सरकत सरकत ट्रेपर्यंत आलं, ट्रेवरून बायकांच्या पायांवर आलं, आणि मग भिंतीवर चढलं. बायकांनी हात खाली ठेवले. आतला ट्रे बाहेर येईना म्हणून कोंबड्याने दार उघडलं. बायका उठल्या, पदर झटकले आणि त्याच्या बाजूने एकेक करत बाहेर पडल्या. बाहेर अजून पिवळंधमक ऊन होतं. तो चुटक्या वाजवत राहिला. त्या दिवशी थोरलीने आपल्या दारात उभं राहून पोरीचे डोळे बघितले; पिवळेपणा फिका पडत होता, पण गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक बंद होतं. "ज्या काल निघून गेल्या त्यांनी माफी मागितल्याशिवाय आत यायचं नाही," कोंबड्याने गजांतून सांगितलं. "शेजारच्या गावातून बायका येतायत." गड्यांना आत घेतलं होतं, पण थोरलीचा नवरा कोंबड्याकडे पाठ करून बाहेर येऊन बसला. बायकांनी भिंतीकडेला बसकण मारली, म्हातारी बसली होती तिथेच.

"बसा," गेटवाला हळूच म्हणाला. "पण हाक तेवढी मारू नका."

ऊन चढत गेलं. शेजारच्या गावातून कोणी आलं नाही. पण बाहेर बसलेल्याही सगळ्याच टिकल्या नाहीत. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघीजणी उठल्या, खाली बघत म्हणाल्या, आमचं घर चालायचं नाही, आणि फाटकातून आत गेल्या. त्यांना कोणी बोल लावला नाही. उरलेल्यांच्या पोटातही तेच होतं. थोरलीला वाटायला लागलं, आपण एकीच्या पोरीपायी सगळ्यांची चूल विझवली. आत पंखे घुमत होते. कोंबड्यांची दुपार सुरू झाली होती.

तेवढ्यात माळ चढून सासू आली. हात चिमणीच्या खांद्यावर. पोरीला चालवत होतं आता, सावकाश.

"थोरले, आहेस का गं इथे?"

"आई, या उन्हात कशाला आलात? तिला का आणलं?"

"तू सकाळी अंधारात निघालीस. डोळे बघितलेस का तिचे? मग? मी म्हटलं तू येत नाहीस तर डोळेच तुझ्याकडे आणावेत." सासू जराशी वळली. "बाकी सगळ्या इथेच बसल्यात? आत का घेत नाहीत?"

"आजी, हळू," गेटवाला म्हणाला. "दुपार चालू आहे."

म्हातारी त्या आवाजाकडे वळली. तो आवाज तिने ओळखला होता.

"त्या दिवशी पण चालू होती," ती म्हणाली. "त्या दिवशी मी लेकराच्या तोंडावर हात ठेवला रे. या हाताने. दात लागले तिचे माझ्या तळव्याला. तेव्हापासून झोप नाही मला."

आणि तिने फाटकाचे गज धरले आणि हाक मारली.

"थोरले! अगं थोरले! पोरगी पिवळी पडलीये गं! बाहेर ये!"

सून तिच्या शेजारीच उभी होती. पण ती हाक आजच्यासाठी नव्हतीच. ती त्या दिवशीची घशात अडकलेली हाक होती. शेतातून शेतात हाका मारण्यात हयात गेलेली बाई ती; आवाज गोदामावर आपटला, पत्र्यांवरून पुढे गेला. पहिल्या शेडमध्ये पंख फडफडले. मग दुसऱ्या. मग सगळ्या शेड एकदम उठल्या, पिंजरे खणखणायला लागले, आणि असा कलकलाट झाला की पंखे ऐकू येईनात. म्हातारीने श्वास घेतला आणि पुन्हा मारली. आता आक्कानेही मारली. मग सगळ्यांनी. जिला जी हाक द्यायची राहिली होती ती तिने दिली. कोणी मुलाला, कोणी आईला, एकीने तर मेलेल्या नवऱ्याला हाक मारली.

मालक पळत आला, पायांत चप्पल नव्हती. दोन्ही हात हवेत हलवत ओरडत होता, "गप्प बसा! गप्प बसा!" सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

"मालक, हळू," थोरली म्हणाली. "कोंबड्या बिचकतात."

तो थांबला. धापा टाकत फाटकाशी आला आणि जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "काय पाहिजे तुम्हाला?"

इतकी वर्षं तिथे राबून हे त्यांना कोणी पहिल्यांदा विचारत होतं.

"दिवस मावळायच्या आत घर," थोरलीही हळूच म्हणाली. "अंधारीची कडी आतून. आणि आठवड्याची सुट्टी."

"आणि टेम्पो? अंडी उन्हात सडवू?"

"पहाटपण गारच असते, मालक," नवरा म्हणाला. "दिवसा भरून ओल्या पोत्यांत ठेवायचा, पहाटे सोडायचा."

मालकाने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मनात हे कधी आलंच नव्हतं, कारण संध्याकाळ कोणाची तरी असते हेच त्याच्या मनात आलं नव्हतं. तो काहीतरी म्हणणार होता, बहुतेक उद्या बघू. तेवढ्यात म्हातारीने गज घट्ट धरून छाती भरून श्वास घेतला.

"बरं! बरं!" मालक घाईने म्हणाला. "झालं. मावळायच्या आत जा. उन्हाळाभर तरी."

"उन्हाळ्यानंतरचं उन्हाळ्यानंतर," आक्का म्हणाली. "घसा काय आमचा कुठे जात नाही."

कडी आतून बसली. पाटीखाली नवी ओळ रंगवली गेली: कोंबड्यांच्या शांततेसाठी कामगारांना सूर्यास्तापूर्वी सोडण्यात येईल. थोरलीने ती वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसांसाठी नाहीच. दिलं तेही कोंबड्यांसाठीच दिलं. तिने ते घरी सासूला सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "लिहू दे काय लिहायचं ते. मला तशीही पाटी दिसत नाही."

पण हे संध्याकाळचं बोलणं. त्याआधी, काम सुटल्यावर थोरली झपाझप माळ उतरून आली होती. ऊन अजून दारात होतं. चिमणी उंबऱ्यावर बसली होती. थोरलीने काही न बोलता तिची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं, पापणी खाली ओढली. एक डोळा, मग दुसरा. कडेला जराशी पिवळी झाक होती. बाकी पांढरं होतं. तिने पुन्हा बघितलं, कारण आता घाई नव्हती.

चिमणीने मुकाट्याने बघू दिलं. मग ती मान वाकडी करून आईच्या मागे, लांब रस्त्यावर काहीतरी शोधायला लागली.

"काय बघतेस गं?"

"आई, आज रात्र कुठे ठेवून आलीस?"

"मालकाकडे," थोरली म्हणाली.